सेनिओच्या बांधावरची आरोळी

परमुलूख सोडवायला गेलेल्या सैनिकाच्या आठवणी म्हटल्या, की त्याने त्या स्वतः सांगितल्या असतील असे आपण धरून चालतो. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींची गोष्ट शोधू लागा. ती बहुधा दुसऱ्याच्याच लेखणीतून हाती लागते. शिपायाचे पत्र सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, आणि पुष्कळांना ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा युद्धविराम जाहीर झाला. म्हणजे लढाई थांबली म्हणाल? छे! कालचा दोस्त जर्मनीच आता मालक होऊन बसला, आणि एकेक डोंगर, एकेक नदी झुंजून सोडवावी लागली. या कामी सुमारे ५० हजार हिंदी सैनिक होते. त्यांतले ५,७८२ परतले नाहीत.

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सजवळ मोन्तेगुफोनीच्या गढीत मराठा पलटण उतरली. तिथे संग्रहालयांतली अमोल चित्रे लपवून ठेवली होती, बोत्तिचेल्लीचे 'वसंत'सुद्धा. लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे वार्ताहर वायनफर्ड व्हॉन-थॉमस तिथे पोचले, म्हणून ही हकीकत जगाला कळली. पहाऱ्यावरचा आपला शिपाई त्या चित्राकडे बघून मनाशी काय म्हणाला असेल? मला तर तेच ऐकायचे असते.

नामदेव जाधवांचे तसेच. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा तेवीस वर्षांचा शिपाई कंपनीचा निरोप्या होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना भोवतालची माणसे पडली. खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याने एका जखमीला सुखरूप आणले. पुन्हा जाऊन दुसऱ्याला आणले. मग मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातगोळे घेतले, आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी मानपत्रावरून.

त्या वेळी त्याचा स्वतःचा देश परतंत्र होता, १९४२ चे पुढारी तुरुंगात होते. म्हणून अशा शिपायाला भाडोत्री म्हणून मोकळे होणारे लोक आहेत; मला ते पटत नाही. पगारासाठी माणूस भरती होईल, पण जखमीला आणायला दुसऱ्यांदा पाण्यात शिरणे पगारात बसत नाही, बरं का.

जाधव घरी परतले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मात्र १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. जवळच्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले आहे.