हाताची घडी सोडा

हार्बर लाइननं मानखुर्दला उतरून व्ही. एन. पुरव मार्गानं अणुशक्तीनगरच्या दिशेनं निघालं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. ऑलिंपियाडला बसलेली मुलं आणि त्यांचे आईबाप यांना ते पक्कं ठाऊक असतं. मला मात्र या केंद्राचं वेगळंच काम जास्त मोलाचं वाटतं. माणूस विचार करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे इथं कवटीच्या आत न डोकावता शोधतात: मुलांच्या चित्रांतून, नजरेतून आणि हातांतून.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हे केंद्र 1974 मध्ये सुरू केलं. पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. सुरुवातीचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होता. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम झालं. 1980 च्या दशकात मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत दीर्घ काम झालं. तिथं एक गोष्ट ठळकपणे पुढं आली. मूल अडतं ते अनेकदा विज्ञानात नव्हे, पुस्तकाच्या भाषेत. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या किती पोरांची बुद्धी नुसत्या जडजंबाल वाक्यांखाली गाडली गेली असेल, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

मग भाषेआधी काय असतं? जयश्री रामदास यांनी हा प्रश्न अनेक वर्षं लावून धरला. मुलं शरीराच्या आतली रचना कशी काढतात, मनात चित्र कसं उभं करतात, हे त्यांनी पाहिलं. पुढं शमीन पडळकर यांच्याबरोबर त्यांनी खगोलशास्त्राचं शिक्षण हाती घेतलं. महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडवस्तीतल्या मुलांसोबतचं हे काम. शिकवण्यासाठी त्यांनी हातवारे मुद्दाम आखले. शिवाय मुलं विचार करताना आपणहून कोणते हातवारे करतात, तेही टिपलं.

हातवाऱ्यांना एवढं महत्त्व का, याचं उत्तर मेंदूत आहे. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. दोन्ही आकृत्या एकच आहेत का, एवढंच सांगायचं. एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. जणू माणूस ती वस्तू मनात हळूहळू फिरवून पाहत होता. पुढं मेंदूचे स्कॅन झाले. अशा वेळी अवकाशाचं भान ठेवणारा पार्श्वखंड जागा होतो आणि पुष्कळदा हालचालींची आखणी करणारे भागही. हात मांडीवर स्थिर असला तरी मेंदू जणू हात फिरवण्याची तयारी करत असतो. म्हणूनच खरा हात फिरवू दिला की विचाराला आधार मिळतो.

आणि आपल्या वर्गांतली सर्वांत जुनी आज्ञा कोणती? हाताची घडी, तोंडावर बोट.

केंद्रात संजय चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावर पुढं काम केलं. सदिश (व्हेक्टर) शिकताना तो बोटानं ओढता-फिरवता यावा, अशी स्पर्शपडद्यावरची साधनं त्यांनी बनवली. नजर टिपणारं यंत्रही वापरलं. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी तेवढाच तुकडा डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो आणि प्रत्येक मुक्कामी पाव सेकंद थबकतो. यंत्र अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकून बुबुळावरची चमक पकडतं आणि त्या उड्यांचा माग काढतं. समीकरण, आलेख आणि रेणूंचं चलतचित्र शेजारी ठेवलं, तर नजर कुठून कुठं गेली हे कळतं. उत्तरपत्रिकेत हा प्रवास कधीच उमटत नाही.

हात विचाराला कसा आधार देतो, ते स्वतःच करून पाहा. चंद्रकला का होतात, असं विचारलं की ‘पृथ्वीची सावली पडते’ हे उत्तर मोठी माणसंही देतात. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. तो सूर्य. तुमचं डोकं पृथ्वी. एक बॉल चंद्र. बॉल हातभर पुढं, डोक्यापेक्षा थोडा वर धरा. दिव्याकडे तोंड केलं की बॉलची काळी बाजू दिसते, ती अमावस्या. डावीकडे पाव वळसा घ्या. बॉलचा उजवा अर्धा भाग उजळतो, शुक्ल अष्टमी. डोक्याची सावली बॉलच्या जवळपासही नसते. आणखी पाव वळसा, दिव्याकडे पाठ, आणि पौर्णिमा.

आता संकष्टी. बॉल ताईच्या हातात द्या. पौर्णिमेच्या जागेवरून तिला दिव्याभोवती नव्हे, तुमच्याभोवती त्याच दिशेनं वळशाचा आठवा हिस्सा पुढं जायला सांगा. तुमचं नाक म्हणजे मुंबई, डावा हात पूर्व, उजवा पश्चिम. जागच्या जागी वळून दिवा उजव्या हाताच्या रेषेत आणा: सूर्य मावळला. चंद्र कुठाय? डाव्या खांद्याच्या मागं, दिसत नाही. तुम्ही जागच्या जागी डावीकडे वळू लागा. पूर्ण वळसा चोवीस तासांचा, म्हणजे आठवा हिस्सा तीन तासांचा. तेवढं वळलात की बॉल बरोबर डाव्या हाताच्या रेषेत येतो. चंद्र उगवला, सूर्यास्तानंतर तीन तासांनी: साडेनऊच्या सुमारास, आजी ताट वाढायला घेते तेव्हा.