चिंता कुठल्या पायाची?

सपाट पाय म्हटले की आपल्याकडे दोघे दचकतात: तीन-चार वर्षांच्या मुलाची आई आणि भरतीची तयारी करणारा तरुण. ज्यांनी खरोखर धास्तावायला हवे, ती पन्नाशीची माणसे मात्र घोट्याला बाम चोळून कामाला लागतात.

आधी मुलाचे पाहू. ओला पाय फरशीवर उमटला आणि ठशात मधला खळगा दिसला नाही, की घरातले मोठे ‘फताडा पाय’ म्हणून मोकळे होतात. पण बाळे जन्मतात ती सपाट पायांनीच. तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात. कमान हळूहळू, साधारण दहाव्या वर्षापर्यंत घडत जाते. काहींची पुढेही घडत नाही आणि तरी ती माणसे आयुष्यभर विनातक्रार चालतात, धावतात.

मुलाला चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. टाचा आत वळल्या, तळव्याला कमान आली, तर पाय लवचीक आहे. दुखत नसेल तर त्याला उपचारांची गरज नाही. ‘कमान आणणाऱ्या’ खास बुटांवर पालक आजही पैसे घालवतात, याचे वाईट वाटते. अमेरिकेत अशा मुलांना तीन वर्षे खास बूट आणि इनसोल घालायला देऊन पाहिले गेले. ते न घातलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या पायात वेगळा फरक पडला नाही, हे 1989 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. आपल्या जवळचा दाखला मणिपालचा. तिथल्या डॉ. उदय भास्कर राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के निघाले. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वाधिक होते. एवढ्यावरून बुटांना दोषी ठरवता येणार नाही. तरी शाळेतून आल्यावर मुलाला घरात, अंगणात, मातीत अनवाणी खेळू द्यायला काय हरकत आहे?

मूल डॉक्टरांना दाखवायचे ते पाय दुखत असेल, ताठर असेल, चवड्यांवरही कमान उमटत नसेल किंवा एकच पाय सपाट असेल तर. आठ ते सोळा वयात पाय ताठर होऊन दुखू लागला, घोटा वारंवार मुरगळू लागला, तर पावलातली दोन हाडे जन्मतः जोडलेली असू शकतात. ते एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये कळते.

भरतीवाल्या तरुणांना एकच सांगणे. सैन्यदलांच्या अधिकारीपदांच्या निकषांनुसार चवड्यांवर कमान परत दिसत असेल, चवड्यांवर नीट धावता येत असेल, पाय लवचीक आणि वेदनारहित असेल, तर उमेदवार चालतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जाहिरातीत मात्र सपाट पाय सरळ अपात्रतेत मोडतो. तेव्हा वर्षभर मैदानावर घाम गाळण्याआधी ज्या दलात जायचे त्याची अट वाचावी आणि पाय अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा.

आता ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते ते पाय. आतल्या घोट्यामागून एक कंडरा तळव्यात उतरते, टिबियालिस पोस्टेरियर स्नायूची. कमान धरून ठेवण्यात तिचा मोठा वाटा. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, वजन, मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीने ती झिजते. घोट्याच्या आतल्या बाजूला दुखते, सूज येते, चप्पल आतून झिजते. मागून पाहिले तर त्या पायाची बोटे बाहेरच्या बाजूला जास्त दिसतात. एका पायावर उभे राहून टाच उचलता येत नाही. आयुष्यभर चांगला असलेला पाय असा बसू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. वेळेत गेल्यास विश्रांती, आधाराचा बूट, इनसोल आणि व्यायामाने बहुतेकदा भागते. इथे इनसोलचा खरा उपयोग होतो. उशीर झाला तर सांध्यांची झीज होते आणि हाडे जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. दुखऱ्या कंडरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन मागू नये; ती तुटण्याचा धोका असतो.

सर्वांत घाई हवी ती मधुमेहींच्या बाबतीत. संवेदना कमी झालेल्या पायात हाडे नकळत मोडतात, सांधे निखळतात आणि कमान कोसळते. याला शार्को पाय म्हणतात. पाऊल लाल होते, सुजते, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागते. दुखते मात्र थोडेच, म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. तळवा खाली फुगतो, तिथे जखम होते आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. अशा पायाला शेक नको, मालिश नको. त्यावर भार देणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचार म्हणजे प्लास्टर आणि कित्येक आठवडे, कधी महिने पायावर भार न देणे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा ‘काही मोडलेले नाही’ असे ऐकूनही पाय गरमच राहिला, तर एमआरआय करायचा का, हे विचारावे आणि तोवर पाऊल टेकवू नये.