हँडबॉलमधील दुखापती व त्यांचा प्रतिबंध

हँडबॉल हा चेंडू हातांनी झेलून, टिपवून व फेकून प्रतिपक्षाच्या गोलात मारण्याचा जलद सांघिक खेळ आहे. वेगाने धावणे, उंच उडी मारणे, एकाएकी थांबून दिशा बदलणे, डोक्याच्या वर हात नेऊन जोराने फेक करणे आणि प्रतिस्पर्ध्याशी शरीरसंपर्क येणे, या सर्व क्रिया या खेळात थोड्याशा जागेत व थोड्याशा वेळात एकत्र येतात. त्यामुळे ऑलिंपिक खेळांपैकी दुखापतींचे प्रमाण अधिक असलेल्या खेळांत हँडबॉलची गणना होते. तथापि या दुखापतींपैकी पुष्कळशा टाळता येण्याजोग्या आहेत, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्यतः नॉर्वे व डेन्मार्क या देशांत झालेल्या पाहणींवरून दिसून आले आहे.

खेळाचे स्वरूप व दुखापती : प्रारंभी हा खेळ मोठ्या उघड्या मैदानावर प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाई. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो याच स्वरूपात होता. पुढे उत्तर यूरोपातील कडक हिवाळ्यामुळे बंदिस्त क्रीडागृहातील सात खेळाडूंचा प्रकार रूढ झाला. ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश पुरुषांसाठी 1972 मध्ये म्यूनिक येथे व स्त्रियांसाठी 1976 मध्ये माँट्रिऑल येथे झाला. आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ प्रथम 1982 मध्ये नवी दिल्ली येथे खेळला गेला. सध्याचे क्रीडांगण 40 मी. लांब व 20 मी. रुंद असते आणि प्रौढांचा सामना प्रत्येकी 30 मिनिटांच्या दोन डावांचा असतो. गोलापुढील 6 मी.च्या क्षेत्रात फक्त गोलरक्षकासच उभे राहता येते. त्यामुळे आक्रमक व बचाव करणारे असे बहुतेक सर्व खेळाडू या क्षेत्राच्या कडेला दाटीने एकत्र येतात. आक्रमक खेळाडू हुलकावणी देऊन फळी फोडू पाहतो किंवा क्षेत्रावरून झेप घेऊन हवेत असतानाच फेक करतो. गंभीर दुखापतींपैकी बऱ्याच या दोन प्रसंगी होतात.

दुखापतींचे दोन मुख्य वर्ग पडतात : एका विशिष्ट क्षणी होणाऱ्या आकस्मिक दुखापती आणि त्याच त्या क्रियेच्या पुनरावृत्तीमुळे हळूहळू उद्‌भवणाऱ्या अतिवापराच्या दुखापती. आकस्मिक दुखापतींचे प्रमाण सरावापेक्षा सामन्यात कितीतरी अधिक असते. नॉर्वेतील 15 ते 17 वर्षे वयाच्या खेळाडूंच्या एका पाहणीत विशेष प्रतिबंधक व्यायाम न करणाऱ्या गटामध्ये गुडघा व घोटा यांच्या आकस्मिक दुखापतींचे प्रमाण सामन्यांत दर हजार खेळाडू-तासांमागे 5.3, तर सरावात केवळ 0.3 इतके आढळले.

दुखापतींचे प्रकार : (1) घोटा : घोटा मुरगळणे ही या खेळातील सर्वांत नेहमीची आकस्मिक दुखापत होय. उडीनंतर दुसऱ्याच्या पायावर पाय पडल्याने किंवा वेगात दिशा बदलताना पाऊल आत वळल्याने घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात वा फाटतात. एकदा मुरगळलेला घोटा पूर्ण बरा होण्यापूर्वीच खेळल्यास तो पुनःपुन्हा मुरगळण्याचा संभव असतो.

(2) गुडघा : गुडघ्याच्या आत एकमेकांस फुलीप्रमाणे छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध, ज्यास खेळाडूंच्या बोलण्यात ‘एसीएल’ म्हणतात, तुटणे ही हँडबॉलमधील सर्वांत दूरगामी दुखापत मानतात. पुरुषांच्या तुलनेने स्त्री-खेळाडूंमध्ये तिचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळते. तिच्याबरोबर सांध्यातील अर्धचंद्राकृती उपास्थीही अनेकदा फाटते. शस्त्रक्रिया व दीर्घ पुनर्वसन यांनंतर पुष्कळ खेळाडू परत मैदानावर येतात. परंतु अशा दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत सुमारे निम्म्या लोकांच्या गुडघ्यात झिजेचा संधिवात दिसू लागतो. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी झालेल्या इजेचे परिणाम पस्तिशीतच जाणवू शकतात. यांखेरीज सततच्या उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा दुखावण्याचा विकारही सामान्यतः आढळतो.

(3) खांदा : कसलेल्या खेळाडूच्या फेकीचा वेग ताशी 100 किमी.हून अधिक असतो आणि एका हंगामात तो हजारो फेकी करतो. फेक करताना हात मागे नेण्याच्या व फेकीनंतर त्याचा वेग आवरण्याच्या क्रियेत खांद्याच्या मागील बाजूच्या स्नायूंवर मोठा ताण पडतो. हे स्नायू पुढील बाजूच्या स्नायूंच्या मानाने दुर्बल राहिल्यास खांदेदुखी जडते. पुष्कळ खेळाडू ती अंगवळणी पाडून घेतात व वेदनाशामक औषधे घेऊन खेळत राहतात. त्यामुळे केवळ ‘सामना चुकला तरच दुखापत’ अशी नोंद ठेवल्यास या दुखण्याचे खरे प्रमाण लक्षात येत नाही.

(4) बोटे व कोपर : चेंडू झेलताना वा अडविताना बोटांची टोके चेंडूवर आपटून बोट मुरगळणे, सांधा निखळणे, अस्थिभंग होणे किंवा बोटाचे टोक सरळ करणारी कंडरा तुटून ते वाकडे राहणे असे प्रकार घडतात. गोलरक्षकाने हात पसरून अडविलेला चेंडू हाताच्या पुढील भागावर आदळला, की कोपर मर्यादेपलीकडे मागे ताणला जातो. असे वारंवार घडल्यास कोपराच्या आतील बाजूस चिवट दुखणे निर्माण होते.

(5) डोके व चेहरा : कोपर वा डोके लागून भुवई फुटणे, नाकाचा अस्थिभंग होणे व दात पडणे हे प्रकार दाटीच्या जागी घडतात. जवळून मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावर आदळल्यास मेंदूस हादरा बसू शकतो.

दुखापत होण्याची यंत्रणा : गुडघ्याच्या दुखापतींची चित्रफितींवरून केलेली पाहणी उद्‌बोधक आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात स्त्री-खेळाडूंच्या अस्थिबंध तुटण्याच्या वीस प्रसंगांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी बारा प्रसंग हुलकावणी देऊन दिशा बदलतानाचे आणि चार प्रसंग उडी मारून फेक केल्यानंतर एका पायावर उतरतानाचे होते. बहुतेक वेळी गुडघा जवळजवळ सरळ असून तो आतल्या बाजूस कोसळला व त्याच वेळी पिळला गेला होता. पुढील विश्लेषणांवरून असे दिसून आले, की पाय जमिनीस टेकल्यापासून सु. 40 मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात, अस्थिबंध तुटतो. एवढ्या अवधीत धोका जाणून स्नायूंनी प्रतिक्रिया देणे शक्य नसते. म्हणून खेळाडूने ऐनवेळी सावध राहावे, हा उपदेश येथे पुरा पडत नाही. पाय कसा टेकावा, याची योग्य सवय जमिनीस पाय लागण्याच्या आधीच शरीरात मुरलेली असावी लागते. ही सवय सरावानेच लागते व सराव सुटल्यास मोडते. हँडबॉलमधील प्रतिबंधाचा सर्व विचार या तत्त्वावर आधारलेला आहे.

प्रतिबंधक व्यायाम : खेळापूर्वी अंग तापविण्याच्या व्यायामातच, ज्यास खेळाडू ‘वॉर्म-अप’ म्हणतात, प्रतिबंधक व्यायामांचा अंतर्भाव करतात. त्यांत साधारणपणे चार भाग असतात : निरनिराळ्या प्रकारे धावणे, थांबणे, वळणे व उडीनंतर उतरणे यांचे योग्य तंत्र, डगमगणाऱ्या फळीवर किंवा मऊ गादीवर एका पायाने तोल सांभाळणे, आणि मांडीच्या पुढील व मागील स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम. शक्य तेथे दोन्ही पायांवर उतरावे, नितंब व गुडघे वाकलेले असावेत, गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहावा व आत झुकू देऊ नये, तसेच दिशा बदलताना एका लांब पावलाऐवजी दोन-तीन लहान पावले टाकावीत, या गोष्टी वारंवार घोटून घेतल्या जातात. खेळाडूंच्या जोड्या करून एकमेकांचे गुडघे न्याहाळण्यास सांगणे ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. तीस खर्च काहीच येत नाही.

या व्यायामांचा परिणाम नॉर्वेमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तपासण्यात आला. 120 क्लबांतील 15 ते 17 वर्षांच्या 1,837 खेळाडूंचा त्यात समावेश होता. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्या क्लबांनी हंगामाच्या सुरुवातीस सलग पंधरा सरावसत्रांत व नंतर आठवड्यातून एकदा 15 ते 20 मिनिटे हे व्यायाम केले. उरलेल्या क्लबांनी नेहमीप्रमाणे सराव केला. हंगामाअखेर गुडघा व घोटा यांच्या आकस्मिक दुखापती नेहमीचा सराव करणाऱ्या गटात 81, तर व्यायाम करणाऱ्या गटात 48 झाल्या.

तत्पूर्वी नॉर्वेतील स्त्रियांच्या वरच्या तीन श्रेणींतील संघांत असाच कार्यक्रम राबविण्यात आला होता. कार्यक्रमापूर्वीच्या 1998-99 च्या हंगामात गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटण्याच्या 29 घटना घडल्या. पुढील दोन हंगामांत त्या अनुक्रमे 23 व 17 झाल्या. सर्व खेळाडूंचा एकत्र विचार करता ही घट निर्णायक म्हणता येण्याजोगी नव्हती, कारण अनेक संघांनी व्यायाम नेमाने केले नाहीत. सर्वोच्च श्रेणीतील ज्या खेळाडूंनी ते ठरल्याप्रमाणे पूर्ण केले, त्यांच्यात मात्र धोका स्पष्टपणे कमी झाला. प्रकल्प संपल्यावर व्यायाम मागे पडले आणि दुखापती पुन्हा वाढल्या. नंतर प्रशिक्षकांना हाताशी धरून देशभर प्रचार करण्यात आला, तेव्हा त्या परत घटल्या. प्रतिबंधाचा लाभ लसीप्रमाणे टिकून राहत नाही. तो व्यायाम चालू असेपर्यंतच मिळतो आणि तो चालू ठेवणे मुख्यतः प्रशिक्षकाच्या हाती असते, हे या अनुभवावरून सिद्ध झाले.

खांद्याच्या बाबतीतही असाच अनुभव आला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील 45 अव्वल संघांच्या प्रयोगात आठवड्यातून तीन वेळा सुमारे दहा मिनिटे केलेल्या व्यायामांमुळे खांद्याच्या तक्रारींचा धोका 28 टक्क्यांनी कमी झाला. खांदा बाहेरच्या बाजूस फिरविणाऱ्या स्नायूंना रबरी पट्ट्याच्या साहाय्याने बळकटी देणे, पाठीचा फरा स्थिर ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम, खांद्याची व पाठीच्या वरच्या भागाची लवचिकता वाढविणे हे त्यांतील प्रमुख घटक होत.

श्रमाचे नियोजन : खेळाचा भार एकाएकी वाढविणे हे दुखापतीचे महत्त्वाचे कारण आहे. डेन्मार्कमधील 14 ते 18 वर्षांच्या खेळाडूंच्या पाहणीत आधीच्या आठवड्यांच्या मानाने एका आठवड्यात खेळण्याचा भार 60 टक्क्यांहून अधिक वाढल्यास खांद्याच्या दुखापतीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. सुटीनंतरचे शिबिर किंवा लागोपाठ सामन्यांची स्पर्धा या दृष्टीने विशेष धोक्याची असते. एकच गुणी खेळाडू शाळा, क्लब व निवड-संघ अशा तिन्ही ठिकाणी खेळत असल्यास त्याच्या एकूण श्रमाची नोंद एकाच प्रशिक्षकाने ठेवणे इष्ट असते.

क्रीडांगण व साधने : पावलाची जमिनीवरील पकड जितकी अधिक, तितकी वळण घेणाऱ्या गुडघ्यावर पीळ पडण्याची शक्यता वाढते. लाकडी जमिनीपेक्षा कृत्रिम पृष्ठभागावर स्त्री-खेळाडूंच्या अस्थिबंधास इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. म्हणून पादत्राणे पृष्ठभागाला अनुरूप निवडावी लागतात; सांडलेला घाम ताबडतोब पुसून घ्यावा लागतो. भारतात व महाराष्ट्रात, विशेषतः शालेय स्पर्धांत, हा खेळ अनेकदा मातीच्या किंवा सिमेंटच्या उघड्या मैदानावर खेळला जातो. तेथे खडे वेचणे, खड्डे बुजविणे, सिमेंटवरील बारीक वाळू झाडून काढणे आणि उन्हात खेळताना वारंवार पाणी देणे ही किमान दक्षता होय. गोलाचे खांब जमिनीत किंवा भिंतीस पक्के जखडलेले असावेत. सुटे गोल उलटून मुलांना प्राणघातक इजा झाल्याच्या घटना विविध देशांत घडल्या आहेत.

घोटा पूर्वी मुरगळलेल्या खेळाडूस चिकटपट्टी किंवा घोट्याचा आधारपट्टा यांचा उपयोग होतो. गोलरक्षकासाठी जांघेचे संरक्षक कवच आणि कोपर व गुडघे यांचे आवरण आवश्यक असते. दंतरक्षक वापरल्यास दातांचे नुकसान टळते. अंगठ्या, कडी, साखळ्या, घड्याळे इ. वस्तू घालून खेळण्यास नियमानेच मनाई आहे. मुलांनी प्रौढांचा चेंडू वापरू नये. वय व लिंग यांनुसार चेंडूचे आकार व वजने ठरविलेली आहेत.

नियमांची अंमलबजावणी : हवेत असलेल्या खेळाडूस ढकलणे, फेक करणाऱ्याचा हात बाजूने वा मागून ओढणे, चेहऱ्यावर वा मानेवर प्रहार करणे या गोष्टींसाठी दोन मिनिटांचे निलंबन किंवा थेट अपात्रता अशा शिक्षा आहेत. सात मीटर फेकीतील चेंडू स्थिर उभ्या असलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावर मारणाऱ्या खेळाडूस अपात्र ठरविले जाते. 1 जुलै 2022 पासून चालू खेळात मोकळ्या स्थितीतून केलेली फेक गोलरक्षकाच्या डोक्यावर आदळल्यासही दोन मिनिटांच्या निलंबनाची तरतूद झाली. पंचांनी हे नियम पहिल्या मिनिटापासून कसोशीने लागू केल्यास संपर्कजन्य दुखापतींना आळा बसतो.

प्रथमोपचार व पुनरागमन : मुरगळणे व मुका मार यांवर विश्रांती, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा 15 ते 20 मिनिटे शेक, दाबपट्टी व अवयव उंचावर ठेवणे हे तात्कालिक उपाय करतात. पहिल्या एक-दोन दिवसांत मालिश करणे किंवा गरम शेक देणे टाळावे. निखळलेले बोट अप्रशिक्षित व्यक्तीने ओढू नये. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांतच सूज आल्यास अस्थिबंध तुटल्याची शंका घेऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोक्यास मार लागून भोवळ, गोंधळ, मळमळ वा स्मृतिभ्रंश यांपैकी एकही लक्षण दिसल्यास खेळाडूस लगेच बाहेर काढावे व त्या दिवशी पुन्हा खेळवू नये.

वेदना थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने सामना खेळू नये आणि दुखावलेल्या पायाचे बळ दुसऱ्या पायाइतके झाल्याची खात्री झाल्यावरच परतावे, असा संकेत आता सर्वमान्य झाला आहे. त्यापूर्वी परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण पुष्कळच अधिक आढळते. पूर्वीची दुखापत हेच नव्या दुखापतीचे एक प्रमुख कारण असल्याने पुनर्वसन हा उपचाराचा शेवटचा व प्रतिबंधाचा पहिला टप्पा ठरतो.