वेगाने झाकलेले वैगुण्य

महंमद अली हा मुष्टियुद्धाच्या इतिहासातील थोर योद्धा होता, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो त्याच्या तंत्राला आदर्श मानावे काय, हा. हात कमरेशी सोडून उभे राहावे आणि ठोसा आला की मान मागे घेऊन तो चुकवावा, ही त्याची रीत. शास्त्र सांगते ते याच्या उलट: हात वर, हनुवटी खाली. प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांवर ठोसे लगावून त्याला थकविण्याकडेही अलीचा कल नव्हता.

हे वैगुण्य दडून राहिले होते, असेही नाही. १९६३ साली लंडनमध्ये हेन्री कूपरने डाव्या हुकने त्याला खाली पाडले. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत त्याच ठोशाने त्याला पुन्हा लोळविले. पाय चपळ होते तोवर हा दोष झाकला गेला. १९६७ पासूनच्या साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर ती चपळाई उरली नाही, आणि बचावाची जागा सहनशक्तीने घेतली. १९७४ साली किन्शासा येथे दोरांना रेलून, जॉर्ज फोरमनचे ठोसे सोसून अलीने त्याला आठव्या फेरीत गारद केले. जगाने त्या युक्तीचे गोडवे गायले. परंतु सोसलेला प्रत्येक ठोसा शरीराच्या खात्यावर नोंदला जातच होता. १९८० साली लॅरी होम्सपुढे तो केवळ मार खात उभा राहिला.

प्रतिभावंताला नियम मोडण्याची मुभा असते, पण ती वारसाहक्काने मिळत नाही. नवशिक्याने अलीचे धैर्य जरूर घ्यावे; हात मात्र वरच ठेवावेत.