लेथ मशीन किंचाळतं तेव्हा…

फळ्यावर खडू किंचाळला की बाई काय करतात? खडू मोडून छोटा करतात आणि आवाज बंद! हीच युक्ती लोखंड कातणारे कारागीरही वापरतात. कशी ते पाहू या.

एडवण हे पालघर तालुक्यातलं समुद्रकाठचं, आशापुरी देवीचं गाव. या किनाऱ्यावरून मासेमारीला जाणाऱ्या बोटी डिझेल इंजिनावर चालतात. बोटीचा पंखा फिरवणारा पोलादी शाफ्ट लेथवर कातून गोल गुळगुळीत करावा लागतो. हे झालं टर्निंग. इंजिनाचा सिलिंडर आतून कातावा लागतो. ते बोअरिंग. सफाळ्याहून डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरलात, की तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या कारखान्यांतल्या पंपांना आणि मोटरींनाही असेच कातलेले शाफ्ट लागतात.

टर्निंग करताना धातूचा तुकडा (कारागीर त्याला ‘जॉब’ म्हणतात) लेथच्या चकमध्ये आवळतात. तो गरगर फिरतो आणि धारदार टूल त्याची साल काढतं, शार्पनरमधून पेन्सिलीची निघते ना, तशी. पण मध्येच टूल थरथरू लागतं. कानठळ्या बसवणारा आवाज येतो आणि चकचकीत पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. याला म्हणतात ‘चॅटर’.

गंमत अशी, की ही थरथर स्वतःच स्वतःला वाढवते! टूल जरासं हललं, की जॉबवर एक लाट राहते. पुढच्या फेरीत टूल त्याच लाटेवर येतं. कधी जाड साल कापावी लागते, कधी पातळ. त्यामुळे टूलवरचा जोर कमी-जास्त होतो, ते आणखी हलतं आणि लाट आणखी मोठी होते. कच्च्या रस्त्यावर गाड्या उसळून उसळून खाचा वाढत जातात, तसंच हे.

मग बिघडतं काय? सिलिंडरमध्ये खोल लाटा राहिल्या तर पिस्टनच्या रिंगा नीट टेकत नाहीत. इंजिन तेल जाळतं, ताकद गमावतं. रस्त्यात बंद पडलेली गाडी चार जण ढकलतील. भर समुद्रात बोट कोण ढकलणार?

या कोड्याने मोठमोठ्यांना दमवलं. अमेरिकेतले इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी तब्बल २६ वर्षं धातू कापण्याचे प्रयोग केले. पण १९०६ साली निबंध वाचताना त्यांनीही चॅटर हे कारागिरापुढचं सर्वांत गूढ कोडं असल्याचं मान्य केलं. लाटेवर लाट चढते, हे संशोधकांनी गणिताने नीट मांडलं ते १९५० च्या दशकात.

सगळ्यांत अवघड काम बोअरिंगचं. तिथे टूल एका लांब दांड्याच्या टोकाला असतं आणि दांडा धरलेला असतो एकाच बाजूला. दांडा दुप्पट बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो! उलट गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून कारागिराचा पहिला नियम : दांडा जितका आखूड आणि जाड, तितका बरा.

दुसरा नियम आधाराचा. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सन यांनी १७७५ च्या सुमारास बोअरिंगचा दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. त्यामुळे जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनाला हवा तसा नेमका सिलिंडर मिळाला. लेथवर लांब शाफ्ट कातताना दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा टेकू देतात, तोही याचसाठी.

तिसरी युक्ती वेगाची. फेऱ्यांचा वेग थोडा कमी केला, किंवा चक्क वाढवला, तरी टूल आणि जुन्या लाटा यांचा मेळ बदलतो आणि आवाज थांबू शकतो. मुरलेला कारागीर हे कानानेच ओळखतो.

आणि दांडा लांबच हवा असेल तर? साधा पोलादी दांडा व्यासाच्या साधारण चौपट लांबीपर्यंत नीट काम देतो, कार्बाइडचा सहापट. त्यापुढे खास पोकळ दांडे वापरतात. त्यांच्या पोटात रबरावर आणि तेलात तरंगता जड गोळा असतो. दांडा एकीकडे गेला की गोळा मागे रेंगाळतो आणि थरथर शोषून घेतो. तैवानच्या ५०८ मीटर उंच ‘तैपेई १०१’ इमारतीत वाऱ्याने होणारं डोलणं कमी करायला ६६० टनांचा गोळा टांगलाय, तो याच तत्त्वावर!

करून पाहा : फूटपट्टी टेबलावर घट्ट दाबून १० सेंटिमीटर बाहेर ठेवा. टोकाला किल्ल्यांचा जुडगा टांगा आणि टोक किती खाली आलं ते मोजा. मग २० सेंटिमीटर बाहेर काढून पुन्हा मोजा. आठपटीच्या जवळ येतंय का? आईबाबांनाही आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण ‘दुप्पट’ म्हणतात!

आणि हो, चालू लेथजवळ मात्र मोठ्यांशिवाय जायचं नाही. सैल बाही, ओढणी, मोकळे केस यांना फिरता चक क्षणात ओढून घेतो. हे काम मनापासून आवडलं, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. फूटपट्टीचं हे गणित तिथेही उपयोगी पडेल.