पुडीतली गोळी कोणती? स्टिरॉइड आणि सोबतची औषधे

सेनगाव तालुक्यात सोयाबीन नाहीतर हळद काढून झाली की कंबर-गुडघ्याची दुखणी घरोघरी सुरू होतात. कुणीतरी कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या सुट्या गोळ्या देतो. दोन दिवसांत दुखणं थांबतं, भूक वाढते. घरचे म्हणतात, ‘गोळी लागू पडली.’ अशा पुडीत एक गोळी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टिरॉइडची असू शकते.

वस्तीत बोलताना आम्ही स्टिरॉइडला विष म्हणत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की, ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. तरी दुसऱ्या लाटेत हे औषध कित्येकांनी घरीच, साखर न तपासता घेतलं. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस वाढला, त्यामागे वाढलेली साखर आणि स्टिरॉइड ही मोठी कारणं होती. काहींचे डोळे, काहींचे जबडे काढावे लागले.

मधुमेह असेल तर स्टिरॉइड साखर वाढवतं. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना बदलावा लागतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांच्यासोबत घेतल्यास जठरात जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पुडीत नेमकी हीच जोडी असण्याची भीती असते. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना गाठा. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं स्टिरॉइडचा परिणाम कमी करतात. सूज उतरवणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीसोबत शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं.

आता हे वाचून कुणाची गोळी एकदम बंद करू नका, मित्रांनो. काही आठवडे स्टिरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक थांबवल्यास उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणं असं जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड फार कमी असतं, तोही भीतीने सोडू नये.

कार्यकर्त्यांनी घरी गेल्यावर आधी गोळ्यांचं पाकीट मागावं. पाकीट नसेल तर पुडीच घेऊन रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यावं. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या पिशवीत चालू औषधांची चिठ्ठी असू द्या. तिकडे डॉक्टर नवा असतो आणि इकडे काय घेतलं ते त्याला ठाऊक नसतं.