भिंतीपलीकडचं धुम्म

बिरवाडीतल्या मुलांनो, शिमग्यात पालखी अजून पलीकडच्या आळीत असते, तरी घरात बसल्या बसल्या तुम्हाला कळतं ना की पालखी निघाली? ढोलाचं ‘धुम्म धुम्म’ ऐकू येतं. सनई आणि टिमकी मात्र पालखी वळणावर आल्यावरच नीट ऐकू येतात. सगळी वाद्यं एकाच जागी वाजतायत, सगळ्यांचा आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर या एकाच वेगानं येतोय. मग घरात एकटा ढोलच कसा शिरला?

गंमत आहे लाटेच्या लांबीत. सेकंदाला ८० कंपनं झाली, की आपण म्हणतो ८० हर्ट्झ. ३४५ ला ८० नं भागा: एक लाट झाली जवळजवळ सव्वाचार मीटर लांब! तीन हजार हर्ट्झची चिरकी लाट मात्र जेमतेम साडेअकरा सेंटीमीटरची, म्हणजे तुमच्या वितीपेक्षाही लहान. लांब लाट घराच्या कोपऱ्याला वळसा घालते, भिंतीतूनही बरीचशी आरपार जाते. आखूड लाट भिंतीशी अडते. म्हणजे तुमच्या घराची भिंत खर्जाला वाट देते आणि चढ्या स्वरांना अडवते. विज्ञानात अशा चाळणीला ‘लो-पास फिल्टर’ म्हणतात.

हीच चाळणी होम थिएटरच्या सबवूफरला लागते. सबवूफर म्हणजे तो मोठा, जड डबा. त्याचा पडदा रुंद आणि वजनदार असतो, कारण जड वस्तू सावकाश थरथरते. भजनात पखवाज वाजवणाऱ्या बुवांना पाहा. वाजवण्याआधी ते डाव्या तोंडावर कणकेचा ओला गोळा थापतात. कातड्याचं वजन वाढलं की कंपनं मंदावतात आणि घुमारा खाली उतरतो. कणीक थोडी काढली की स्वर पुन्हा चढतो. सबवूफरचा जड पडदाही असाच खर्जासाठी घडवलेला असतो. त्याला सनई वाजवायला लावली तर ती नुसती घोगरी होणार.

म्हणून कामं वाटून द्यायची. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरला, वरचं बाकीच्या स्पीकरना. या वाटणीच्या जागेला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. ८० च का? त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय, हे आपल्या कानांना नीट उमगत नाही. त्यामुळे डबा कोपऱ्यात ठेवला तरी ढोल टीव्हीतूनच वाजतोय असं वाटतं.

पण सबवूफरवर वाटणीचं बटणच नसेल तर? तिथे इक्वलायझर मदतीला येतो, म्हणजे सरकत्या पट्ट्यांनी वेगवेगळ्या स्वरांची ताकद कमी-जास्त करणारा डबा. दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर आकडे असतात ३१, ६२, १२५, २५०, ५०० असे, थेट १६ हजारांपर्यंत. प्रत्येक आकडा मागच्याच्या दुपटीच्या आसपास! पेटीवर मधल्या सप्तकातल्या ‘सा’वरून तार ‘सा’वर गेलात की कंपनं दुप्पट होतात. म्हणजे इथे प्रत्येक पट्टी एकेक सप्तक सांभाळते.

इक्वलायझर फक्त सबवूफरकडे जाणाऱ्या वायरीत जोडायचा. सगळ्या स्पीकरांच्या वाटेत जोडलात, तर सनई सगळीकडूनच गायब होईल! वायरी जोडायला मोठ्यांनाच सांगा. मग ३१ आणि ६२ च्या पट्ट्या मध्यावर ठेवा, १२५ ची निम्मी खाली, आणि २५० पासून पुढच्या सगळ्या तळाला. आवाजाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात; पट्टी १२ डेसिबलनं उतरली की त्या स्वरांची ताकद सोळाव्या हिश्शावर येते. खरा फिल्टर याहून कडक असतो. बऱ्याच सबवूफरमध्ये दर सप्तकाला २४ डेसिबल कापले जातात, म्हणजे ताकद अडीचशेपटींनी घटते.

जमलं का ते कसं ओळखायचं? बातम्या लावा आणि डब्याजवळ कान न्या. आवाज कमीच ठेवा हं! डब्यातून निवेदकाचे शब्द स्पष्ट कळले, तर वाटणी फार वर झालीय. १२५ ची पट्टी आणखी उतरवा.

आता शेवटचा प्रयोग. बारा फूट लांबीची खोली घ्या आणि मोबाइलवरच्या टोन जनरेटरनं सबवूफरमधून ४७ हर्ट्झचा स्वर वाजवा. या स्वराची अर्धी लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते. भिंतीपाशी उभे राहा, चांगलाच घुमेल. चालत मधोमध या, एकदम मंदावेल! जाणारी आणि भिंतीवरून परतणारी लाट तिथे एकमेकींना खोडतात. इक्वलायझरची पट्टी वर सरकवून हा खड्डा भरत नाही, कारण दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि खोडणंही तेवढंच वाढतं. तिथे पट्टी सोडा, बसायची जागा किंवा डबाच हलवून बघा. वहीत खोलीचा नकाशा काढा आणि कुठे घुमतं, कुठे मंदावतं याच्या खुणा करा. खोलीची लांबी वेगळी असेल, तर ४७ च्या जागी कोणता आकडा येईल? भागाकार तर आता तुम्हाला येतोच!